न हलणारा बाण

गुरुवारी सकाळी सव्वानऊ वाजता सायो ओतोवाने कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा बाण चित्रावरून बाजूला सारला, आणि बाण जागचा हलला नाही.

म्हणजे एक हलला. तो आज्ञाधारकपणे खालच्या कोपऱ्यात जाऊन बसला. दुसरा मात्र चंद्राच्या डाव्या हाताला, निळ्या आकाशात, तोंड वर करून उभाच राहिला. सायोने माऊस उचलला, उलटा करून त्यावर फुंकर मारली, पुन्हा फिरवला. कोपऱ्यातला बाण पडदाभर धावून आला. आकाशातला ढिम्म. तिने दोन्ही बाण शेजारी शेजारी आणून पाहिले. दोघांची उंची एक, दोघांची शेपटी एक, दोघांभोवतीची काळी रेघही तेवढीच बारीक. माऊस हातात नसता तर खरा कोणता हे तिला सांगता आले नसते.

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने शेजारच्या स्कॅनरचे झाकण उघडले आणि आतला कागद बाहेर काढला. हाताने बनवलेला जाड जपानी कागद, त्यावर कालच छापलेला पहिला नमुना. आकाशात बाण होता.

ओतोवांचे छापखान्याचे घर तोक्योच्या आराकावा भागात, ट्रामच्या रुळांना लागून आहे. आकाराने अरुंद, उंचीला तीन मजले. छापणाऱ्याला ओल लागते म्हणून तो तळमजल्यावर, कोरणाऱ्याला उजेड लागतो म्हणून तो सर्वांत वर, आणि दोघांचे एकमेकांशी पटत नाही म्हणून मालक मधल्या मजल्यावर, अशी व्यवस्था सायोच्या आजोबांनी लावून दिली होती. सायो चौतीस वर्षांची, या मजल्यावरची तिसरी पिढी. गेली पाच वर्षे हे घर जुन्या चित्रांच्या नकला छापून दिवस काढत होते. तेच डोंगर, तेच पूल, पूल ओलांडणारी तीच माणसे. नवे चित्र म्हणून दारात आले ते या फेब्रुवारीत. गोतान्दातल्या ‘कामोमे’ नावाच्या एका छोट्या कंपनीचा ‘वाऱ्याची नावाडीण’ हा व्हिडिओ गेम येत्या ऑक्टोबरात दहा वर्षांचा होणार होता, आणि त्याच्या नायिकेचे लाकडी ठशांवरून छापलेले दोनशे कागद कंपनीला हवे होते. हे पसंत पडले तर आणखी तीन चित्रे.

नायिका होडीच्या टोकावर उभी. मागे समुद्र, वर चंद्र, आणि वाऱ्यावर उडणारे केस. केसच केस. ते चित्र घेऊन तिसऱ्या मजल्यावरचे कोरणारे कुनिहारा वस्ताद तासभर भिंग लावून बसले होते. कुनिहारा एकोणऐंशी वर्षांचे. एका मिलिमीटरच्या जागेत चेरीच्या लाकडातून केसाच्या तीन रेघा उभ्या ठेवणारा त्यांच्यासारखा माणूस आता उरलेला नव्हता. तासाभराने ते म्हणाले होते, “हे करतो. पुढच्या तीन चित्रांचं हे झाल्यावर बघू.”

आता बाण आत कसा शिरला ते सांगायला हवे, कारण त्यात दोष एकाच व्यक्तीचा होता.

या कामात रेघांचे चित्र पातळ कागदावर घेतात, कागद उलटा करून चेरीच्या फळीवर चिकटवतात, आणि कागदासकट फळी कोरतात. रेघ असेल तिथे लाकूड राहते, बाकीचे जाते. मूळ कागद त्यातच संपतो. मग प्रत्येक रंगासाठी अशीच एक वेगळी फळी. कंपनीने पाठवलेली फाइल छापखान्याच्या अकरा वर्षे जुन्या कॉम्प्युटरवर नीट उघडेना. नायिकेचे केस हिरवे दिसू लागले. कंपनीच्या वेबपानावर मात्र तेच चित्र झकास दिसत होते. सायोने ते पडदाभर मोठे केले, पडद्याचाच फोटो घेतला आणि पातळ कागदावर छापून वर पाठवला. त्या क्षणी तिचा माऊस आकाशात विसावलेला होता. तिला तो दिसला नाही. चष्मा लावणाऱ्याला चष्म्याची कड दिसत नाही, तसे दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्याला बाण दिसत नाही.

कुनिहारांकडे कॉम्प्युटर नव्हता. त्यांना बाण दिसला. पण कोरणाऱ्याने चित्राबद्दल विचारायचे नसते. चित्रात आहे ते आहे, आणि नाही ते नाही. एकसष्ट वर्षांत त्यांनी एकाही चित्रकाराला एकही प्रश्न विचारला नव्हता, आणि हे ते थोड्या अभिमानाने सांगत.

सायो कागद घेऊन खाली गेली. छापणारे इसोगाई मांडी घालून कागद ओले करत बसले होते. ते बासष्ट वर्षांचे. सायोला त्यांनी कडेवर खेळवलेले, त्यामुळे मालकीण म्हणून तिचा फारसा धाक त्यांना नव्हता.

“काका, हे आकाशात काय आहे?”

इसोगाईंनी मान तिरकी केली. “बाण.”

“तुम्हाला दिसला होता?”

“मी छापलाय, पोरी. एकदा काळ्या रेघेला, दोनदा निळ्याला. तीनदा दिसला.”

“मग बोलला का नाहीत?”

“मला वाटलं कंपनीचं चिन्ह असेल. हल्ली कोण काय चिन्ह घेईल सांगता येत नाही. कोपऱ्यावरच्या त्या बँकेचं तर नुसतं टिंब आहे.”

“काका, तो चित्रातला नाही. माझ्या माऊसचा आहे.”

इसोगाईंचा हात थांबला. त्यांनी ब्रश भांड्यावर आडवा ठेवला, हात पुसले आणि जिन्याकडे पाहत आवाज खाली आणला. “वस्तादांना माहीत आहे?”

“नाही.”

“चार दिवस लागले त्यांना त्याला.”

“कशाला लागले?”

“बाणाला. बाकीच्या आकाशाला एक दिवस, बाणाला चार. ये इकडे, बघ.”

त्यांनी मांडणीवरून रेघांची फळी उतरवली, खिडकीशी नेली आणि सायोच्या हातात भिंग दिले. सायो या घरात वाढलेली. फळ्यांवर तिने गृहपाठ केला होता. तरी भिंगाखाली नजर गेल्यावर ती आणखी खाली वाकली. बाण करंगळीच्या नखाएवढा. त्याच्या कडेची रेघ केसाहून बारीक, आणि ती रेघ सरळ नव्हती. पडद्यावरचा बाण चौकोनी ठिपक्यांचा बनलेला असतो, त्यामुळे मोठा केल्यावर त्याच्या तिरक्या कडेला पायऱ्या दिसतात. कुनिहारांनी त्या पायऱ्या कोरल्या होत्या. अकरा. प्रत्येक पायरी काटकोनात, प्रत्येक कोपरा धारदार, सगळ्यांची उंची सारखी. यंत्राला जे कमी जमले होते ते माणसाने पूर्ण जमवून दाखवले होते.

“देवळाच्या पायऱ्यासुद्धा इतक्या सरळ नसतात,” इसोगाई म्हणाले. त्यांचे आणि कुनिहारांचे अकरा वर्षांपासून बोलणे नव्हते, हे लक्षात घेतले तर ही मोठीच पावती होती.

सायो खाली बसली. “त्यांना सांगितलं तर काय होईल?”

“तुला माहीत आहे काय होईल.”

तिला माहीत होते. गल्लीत सगळ्यांनाच माहीत होते. एकवीस वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने तयार फळीवरचे केस ‘थोडे विरळ’ करायला सांगितले. कुनिहारांनी केले. मग कोरण्या तेल लावून कापडात गुंडाळल्या, वर दोरी बांधली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गळ घेऊन नदीवर गेले. ते दीड वर्ष नदीवरच होते. सायोचे वडील रोज डबा घेऊन काठावर जात आणि मासे घेऊन परत येत. त्या दीड वर्षात छापखाना एका नवीन चित्राचेही काम घेऊ शकला नाही आणि घरात कोणाला माशाचे नाव घेववत नव्हते. तेव्हा कुनिहारा अठ्ठावन्न वर्षांचे होते, म्हणून परत आले. एकोणऐंशीव्या वर्षी बांधलेली दोरी पुन्हा सुटत नाही. आणि चार दिवसांचे काम चित्रातले नसून मालकिणीच्या हातून पडलेला कचरा होते, हे ऐकल्यावर ती दोरी बांधली जाणार यात सायोला शंका नव्हती.

“मग सांगायचं नाही,” ती म्हणाली. “आपणच काढू.”

“काळी रेघ तासता येईल. ते मीसुद्धा करीन. पण आकाशाच्या फळीचं काय? तिच्यात बाणाच्या आकाराचा खड्डा आहे. तिथे रंग लागतच नाही. खड्ड्यात लाकूड बसवावं लागेल, सांधा दिसता कामा नये. ते कोण बसवणार?”

“कोण?”

“वस्ताद.”

“दुसरं कोणी नाही?”

“आहे ना, कावागोएला एक आहे. वस्तादांचाच शिष्य. त्याला सांगितलंस तर तो पहिला फोन कोणाला करील?”

पर्याय एकच उरला. इसोगाईंनी छापलेल्या ओल्या कागदावर बाणाच्या जागी बारीक ब्रशने निळा रंग भरून पाहिला. पहिल्या कागदावर आकाशाला बुरशी आल्यासारखे दिसले. दुसऱ्यावर कोणी निळ्या रंगाचा अंगठा उठवल्यासारखे. तिसऱ्यावर डाग चांगला बसला, पण कागद वाळताच कडेने बाण पुन्हा उगवला, आता अधिक ठसठशीत. इसोगाईंनी तिन्ही कागद चुरगाळून टोपलीत टाकले.

“हे दोनशे वेळा करायला लावलंस,” ते म्हणाले, “तर नदीवर वस्तादांच्या शेजारी मी बसलेला दिसेन. आणि आमचं बोलणंही नाही.”

शुक्रवारी सायोने कंपनीला खरे काय ते लिहायचे ठरवले. कंपनीने बाण चालवून घेतला तर प्रश्नच मिटला. तिने तीन वेळा पत्र लिहिले आणि तीन वेळा पुसले. शेवटी तिला एक वाट सुचली, जी प्रामाणिक वाटत होती आणि नव्हती. तिने नमुन्याचा स्कॅन जोडला आणि एकच ओळ लिहिली. ‘कृपया बारकाईने पाहावे.’ ते स्वतःच विचारतील, मग आपण सांगू.

कंपनीत चौदा माणसे होती. चौदाही जणांनी बारकाईने पाहिले. संध्याकाळपर्यंत उत्तरे आली. चंद्र किंचित पिवळा हवा. डाव्या बाहीची शिवण सुंदर. करंगळीचे नख मूळ चित्राहून चांगले आले आहे, हे कसे शक्य आहे. कायद्याचे काम बघणाऱ्या शिनोझाकींनी कोपऱ्यातल्या शिक्क्याची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये मागवली. बाणाबद्दल चौदातल्या एकानेही अवाक्षर काढले नाही. प्रत्येकाला वाटले, तो आपलाच. चित्र एकमताने मंजूर झाले होते.

सर्वांत शेवटी गेमच्या मुख्य दिग्दर्शिका नागुमो यांचे उत्तर आले. ‘केस पाहून मी हातातले काम बाजूला ठेवले. मंगळवारी दोन वाजता कागदावर पाहायला येते. कोरणाऱ्यांनाही भेटायचे आहे.’

सायोने ते पत्र इसोगाईंना वाचून दाखवले.

“कागदावर माऊस नसतो,” इसोगाई म्हणाले.

“माहीत आहे, काका.”

“म्हणजे तिथे त्यांना दिसणार.”

“माहीत आहे.”

“वस्तादांच्या समोर.”

“काका, तुम्ही कागद ओले करा.”

त्यानंतर ती कुनिहारांना सांगायला दोनदा वर गेली. शनिवारी ते कोरण्यांना धार लावत होते. धार लावताना त्यांच्याशी कोणी बोलत नसे, म्हणून तिचे आयतेच फावले. सोमवारी ती दार सरकवून थांबली. कुनिहारांनी नमुन्याचा कागद खिडकीला टेकवून ठेवला होता आणि डोळ्याला भिंग लावून ते आकाशाकडे पाहत होते. केसांकडे नाही. बाणाकडे. रुळांवरून एक ट्राम गेली, मग दुसरी गेली. म्हातारा हलला नाही. सायोने दार हळूच बंद केले आणि ती पायऱ्या मोजत खाली आली. त्याही अकरा होत्या.

मंगळवारी दोनला पाच मिनिटे असताना नागुमो आल्या. चाळिशीच्या, शांत, खांद्यावर कापडी पिशवी, हातात तांदळाच्या कुरकुरीत पापड्यांचा डबा. सायोने दारातच सांगायचे ठरवले होते. “नागुमोसान, आत जायच्या आधी एक,” असे ती म्हणाली, आणि जिन्यावर पाऊल वाजले. कुनिहारा खाली येत होते. इस्त्रीचा निळा अंगरखा घालून. हा अंगरखा ते फक्त नववर्षाला आणि अंत्ययात्रेला घालत.

सगळे तळमजल्यावर बसले. इसोगाईंनी जवाचा गार चहा ठेवला आणि कागद नागुमोंसमोर चटईवर अंथरला.

नागुमो कागदाला हात न लावता वाकल्या. आधी केस पाहिले, लाटा पाहिल्या. मग त्यांची नजर केसांवरून वाऱ्याच्या दिशेने वर सरकत गेली आणि चंद्राच्या डाव्या बाजूला थांबली. त्यांचा उजवा हात आपोआप थोडासा हलला, माऊस सरकवावा तसा. बाण हलला नाही. त्यांनी मान वर करून सायोकडे पाहिले. सायोने चटईकडे पाहिले. इसोगाई आपल्या चहात काही पडले आहे का ते पाहत होते.

“मला एक विचारायचंय,” कुनिहारा म्हणाले.

इसोगाईंनी पेला खाली ठेवला.

“एकसष्ट वर्षांत मी कोणत्या चित्रकाराला काही विचारलं नाही,” कुनिहारा सावकाश म्हणाले. “विचारायचं नसतं. पण आता वय झालंय. न विचारता गेलो तर चुटपूट राहील.” त्यांनी कोरणीने कडक झालेले बोट बाणाच्या वर, कागदाला न टेकवता धरले. “हे काय आहे?”

मग त्यांनी बोट केसांवरून लाटांकडे नेले.

“केस मला कळतात. लाटा कळतात. या चित्रात सगळं वाकलंय. केस वाकलेत, बाही वाकलीय, समुद्र वाकलाय, ढगाची कडसुद्धा. एवढा वारा आहे. हे एकटं वाकलेलं नाही. वारा याला लागतच नाही. केस कोरताना श्वास सोडत हात न्यायचा असतो, म्हणजे रेघ वाहते. इथे श्वास लागला की रेघ बिघडायची. चार दिवस मी श्वास रोखून काम केलं. ज्याला वारा लागत नाही असं काय आहे, तेवढं मला सांगा.”

नागुमो कागदाकडे पाहत राहिल्या. त्यांना उत्तर सुचत नव्हते असे नाही. ते आत्ताच सुचले होते, आणि त्याचेच त्यांना नवल वाटत असावे.

“याला वारा लागत नाही,” त्या म्हणाल्या, “कारण वारा तोच घालतो.”

कुनिहारांनी बोट मागे घेतले.

“आमच्या खेळात होडीला वल्हं नाही. खेळणारा हा बाण जिकडे नेईल तिकडे वारा सुटतो आणि होडी चालते. हा बाण म्हणजे खेळणाऱ्याचा हात आहे. पडद्यावर तो असा दिसतो.” त्या थांबल्या. “आम्ही दहा वर्षं हा खेळ करतोय. सगळं वाकतं आणि तो तेवढा वाकत नाही, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.”

“हात,” कुनिहारा म्हणाले. त्यांनी पुन्हा पाहिले. चेहऱ्यावर असा उजेड आला की सायोला वाटले, आता गप्प राहिले तरी चालेल. सगळे निभावले. कागद पसंत, बाण पसंत, उत्तरही मिळाले. इसोगाईंनीही तिला डोळ्यांनी तेच सांगितले.

“कोणाचा हात?” कुनिहारांनी विचारले.

सायोने दोन्ही तळवे चटईवर टेकले. “माझा, वस्ताद.”

“तुझा? चित्रात?”

“कंपनीच्या चित्रात तो नव्हता. मी पडद्याचा फोटो काढला तेव्हा माऊस बाजूला करायचा राहिला. चित्रकारानं काढलेला नाही. माझी चूक आहे.” एवढे बोलून ती कपाळ चटईला टेकेपर्यंत वाकली आणि तशीच राहिली. तिला नदी दिसत होती.

बाहेरून ट्राम गेली. पेले किणकिणले.

“नको, काढू नका,” नागुमो घाईने म्हणाल्या. “आम्हाला असाच हवा. दोनशेच्या दोनशे. खेळणाऱ्यांना हे कळलं तर ते वेडे होतील. चूक असली तरी राहू दे, आम्ही लिहून देतो.”

“चूक असली तरी राहू दे?” कुनिहारा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण इसोगाईंनी पापड्यांचा डबा आपल्याकडे ओढून घेतला. “चित्रकारानं काढला नव्हता ना?”

“नाही, पण...”

“मग तो निघणार. छापखान्याच्या मालकिणीचा हात चित्रात राहत नसतो. सायो, उठ. कपाळाला चटईची नक्षी उठेल.”

सायो उठली. “वस्ताद, तुम्हाला फळीला पुन्हा हात लावावा लागेल. मागच्या वेळी...”

“मागच्या वेळी बरोबर होतं ते चुकीचं करायला सांगितलं होतं. हे चुकीचं आहे, ते बरोबर करायचंय. यातला फरक तुझ्या वडिलांनासुद्धा कळायचा.” ते उठले, गुडघा चोळला, आणि जिन्याशी जाऊन अकरा वर्षांनी प्रथमच इसोगाईंना म्हणाले, “आकाशाची फळी वर आण. कोरडी करून. ओली आणलीस तर परत पाठवीन.”

“आणतो, वस्ताद,” इसोगाई म्हणाले आणि पापडी खायची विसरले.

त्यानंतरचे सायोने दारात उभे राहून पाहिले. रेघांच्या फळीवरचा बाण इसोगाईंनी खाली तासून टाकला होता. कुनिहारांनी बाकाखालून चेरीचा एक तुकडा काढला. फेब्रुवारीत हीच फळी कापली तेव्हाचा. काम संपेपर्यंत फळीचा तुकडा फेकायचा नसतो. तो त्यांनी फळीवर ठेवून चारी दिशांना फिरवला, लाकडातल्या रेषा एकमेकींत मिळेपर्यंत. मग त्यांनी त्या तुकड्यातून बाण कोरला. आता खड्ड्याचा नव्हे, भरीव, अकरा पायऱ्यांचा, आणि तळाकडे एका कागदाच्या जाडीने निमुळता. खड्ड्याच्या तोंडाशी तो टेकवून त्यांनी लाकडी हातोडीने तीन वेळा ठोकले. तिसऱ्या ठोक्याला आवाज बदलला. मग ओल्या फडक्याने पुसले, लाकूड फुगायला रात्र दिली, आणि सकाळी पटाशी एकदाच फिरवली.

“सांधा लावायला मिळून वीस वर्षं झाली असतील,” ते भिंगातून न बघता म्हणाले. “चांगलं काम करणाऱ्याला हे करायला मिळत नाही. चुकणारं कोणीतरी लागतं.”

सायोला ही शाबासकी की टोमणा ते कळले नाही, म्हणून तिने दोन्ही ठेवून घेतले.

इसोगाईंनी डोळे मिटून त्या फळीवरून अंगठा फिरवला. एकदा आडवा, एकदा उभा. आयुष्यभर त्या अंगठ्याला लाकडाचा कण चुकला नव्हता.

“कुठे होता?” त्यांनी विचारले. कुनिहारांनी सांगितले नाही.

नऊ दिवसांनी पहिला निर्दोष कागद छापून झाला. निळे आकाश वरपासून क्षितिजापर्यंत धुक्यासारखे उतरत गेलेले, मध्ये कुठे अडखळलेले नाही. सायोने तो स्कॅन केला, पडद्यावर उघडला, माऊस चारी कोपऱ्यांत फिरवून खात्री करून घेतली आणि कंपनीकडे पाठवला. नागुमोंनी एव्हाना तिथे सर्वांना सगळी हकिगत सांगितली होती, त्यामुळे चौदाही जण आता आकाशाकडे डोळे लावून बसले होते.

तेरा उत्तरे आली. मंजूर, मंजूर, डोळे भरून आले, मंजूर. चौदावे शिनोझाकींचे होते. ‘सविनय कळवतो की बाण अद्याप निघालेला नाही. आता तो चंद्राच्या उजवीकडे, केसांवर आला आहे. कृपया वस्तादांच्या निदर्शनास आणावे.’

सायोने कागद खिडकीशी नेऊन भिंगाने इंच इंच पाहिला. मग ती खुर्चीत बसली आणि तिने लिहिले, ‘एकदा आपला माऊस हलवून पाहावा, ही विनंती.’

दोन मिनिटांत उत्तर आले. ‘निघाला. इतक्या झटपट दुरुस्तीबद्दल कुनिहारासानांना आमचे मनःपूर्वक आभार कळवावेत.’

निरोप आला की पोचवायचा, ही त्या घराची रीत. सायो वर गेली. कुनिहारा नव्या फळीवर वाकले होते. दुसऱ्या चित्राचा पातळ कागद त्यांनी सकाळीच चिकटवला होता, पण त्याआधी तिला बोलावून, कागद उजेडाला धरून, ‘यात तुझा हात कुठे नाही ना’ असे विचारून घेतले होते.

“वस्ताद, कंपनीनं आभार कळवलेत. बाण फार झटपट काढलात म्हणे.”

कोरणी थांबली.

“झटपट?”

“असं लिहिलंय त्यांनी.”

कुनिहारांनी श्वास सोडला, आणि त्या श्वासाबरोबर नायिकेचा पहिला केस वाहत गेला.

“त्यांना कळव,” ते मान वर न करता म्हणाले, “झटपट मी काही करत नाही.”